कार्पेटमध्ये न मोजली जाणारी खोली : चार्ल्स कोरिया नेमकं काय सांगत होते?

मागच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची मीटिंग गच्चीवर झाली. मुलुंड पूर्व, तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, १९७४ चं बांधकाम. बिल्डरच्या माणसाने रंगीत प्लॅन वाटले आणि पुढचा दीड तास एकच विषय चालला, कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती, वाढीव कार्पेट किती टक्के, कॉर्पस, म्हणजे बिल्डर देणार ती रोख रक्कम, किती. माझी आई प्लॅन डोळ्यांजवळ धरून उलटसुलट करून बघत होती. शेवटी हळूच मला म्हणाली, "अगं, यात बाल्कनी कुठेय? आणि ही स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते?" मी बोट ठेवून दाखवलं. डक्टमध्ये. म्हणजे शेजारच्यांच्या संडास-बाथरूमच्या पाइपांकडे तोंड करून.

मी पंधरा वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करते, असे ढिगाने प्लॅन हाताखालून गेलेत, पण आईने विचारलं तेव्हा पोटात कालवलं. कारण ती जे विचारत होती त्याच प्रश्नावर एका माणसाने याच शहरात बसून पन्नासहून जास्त वर्षं काम केलंय, आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया. नवी मुंबईचं विमानतळ झाल्यापासून त्यांचं नाव पुन्हा कानावर यायला लागलंय, "नवी मुंबईवाले कोरिया" म्हणून. पण ते काय सांगत होते असं विचारलं तर आम्ही या धंद्यातले लोक इतक्या जड भाषेत बोलतो की ऐकणारा दुसऱ्या वाक्याला उठून जातो. म्हणून जमेल तेवढं साधं करून लिहितेय.

## आधी माणूस थोडक्यात

१ सप्टेंबर १९३० ला सिकंदराबादला जन्म, घराणं मूळचं गोव्याचं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेज, मग अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटी आणि एमआयटी. १९५८ मध्ये मुंबईत स्वतःचं ऑफिस. तिशी गाठण्याआधी हातात काम कोणतं आलं, तर साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय. पुढे भोपाळचं भारत भवन, तिथलंच विधान भवन, जयपूरचं जवाहर कला केंद्र, पणजीची कला अकादमी, शेवटी शेवटी लिस्बनमधलं एक मोठं वैद्यकीय संशोधन केंद्र. १९७२ ला पद्मश्री, १९८४ ला ब्रिटनचं रॉयल गोल्ड मेडल, २००६ ला पद्मविभूषण. १६ जून २०१५ ला मुंबईतच गेले.

नाटकवाल्यांना कला अकादमी सांगायला नको, दीनानाथ मंगेशकर कलामंदिर तिथलंच, भिंतींवर मारिओ मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक असलेलं. पण तिथली खरी गंमत थिएटरच्या बाहेर आहे. रस्त्यावरून थेट मांडवी नदीच्या काठापर्यंत आरपार चालत जाता येतं, तिकीट लागत नाही, दार लागत नाही, छताखाली असूनही आपण बाहेरच असतो. जुलै २०२३ मध्ये नूतनीकरण चालू असताना तिथल्या खुल्या रंगमंचाचं छप्पर कोसळलं तेव्हा गोव्यातले कलाकार एवढे का हळहळले हे त्या जागेत संध्याकाळी एकदा बसलेल्या माणसालाच कळेल.

## "ओपन टू स्काय" म्हणजे काय

कोरियांच्या सगळ्या कामाचा गाभा या तीन शब्दांत आहे. ओपन टू स्काय, म्हणजे डोक्यावर आकाश असलेली जागा. अंगण, चौक, गच्ची, ओटा, काही प्रमाणात व्हरांडा आणि गॅलरीसुद्धा. त्यांचं म्हणणं असं की आपल्यासारख्या गरम देशात ही जागा म्हणजे शोभा नाही, उरलीसुरली जागा नाही, ती अख्खी एक खोली आहे. फक्त तिला छप्पर नाही म्हणून आपण ती मोजत नाही.

ते घराचे चार थर सांगायचे. पहिला घराच्या आतली खाजगी जागा, जिथे आपण रांधतो, झोपतो, सामान ठेवतो. दुसरा उंबरठ्याच्या लगतची जागा, जिथे पोरं खेळतात आणि बायका शेजारणीशी बोलतात. तिसरा आळीची जागा, नळ, कट्टा, पार. चौथा गावाची जागा, मैदान. आणि महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे, हे चारही थर एकमेकांना जोडलेले असतात, एक कापला की त्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

चाळीत वाढलेल्या माणसाला हे एका क्षणात कळतं. आईचं माहेर लालबागला, दहा बाय बाराची खोली आणि त्यात नऊ माणसं. हे ऐकून माझ्या मुलीला वाटतं की ती माणसं एकमेकांवर रचून ठेवलेली असायची. पण ती खोलीत राहतच नव्हती, खोलीत सामान राहायचं आणि माणसं गॅलरीत. मामा गॅलरीच्या दिव्याखाली अभ्यास करून मॅट्रिक झाला, आजोबा बारा महिन्यांतले आठ-नऊ महिने गॅलरीत झोपायचे, पापड-कुरडया गच्चीवर, लग्नाचं जेवण खालच्या चौकात. म्हणजे कागदावर एकशेवीस चौरस फूट, पण वापरायला त्याच्या तिप्पट-चौपट.

आता तीच माणसं टॉवरमध्ये गेली की खोली मोठी होते, संडास घरात येतो (आणि हे फार मोठं सुख आहे, त्याला कमी लेखणाऱ्याने सकाळी सहाला रांगेत डबा घेऊन उभं राहून बघावं), पण दार उघडलं की समोर अंधारा पॅसेज आणि ट्यूबलाइट. दुसरा थर गेला. पोरं घरातच, म्हातारी माणसं टीव्हीपुढे. मग कार्पेट वाढूनही घर लहान का वाटतं हे कोणालाच सांगता येत नाही.

## हवा आत येते, पण राहते कशी?

याच्यामागे थोडं विज्ञान आहे, अवघड नाही.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर जोरात फुंकर घाला. हवा आत जात नाही, परत तोंडावर येते, कारण बाटली आधीच हवेने भरलेली आहे आणि त्या हवेला बाहेर जायला वाट नाही. एकाच भिंतीला खिडकी असलेली खोली ही अशीच बाटली असते. बाहेर समुद्राचा वारा सुटलेला असला तरी आत पान हलत नाही. बाटलीला बुडाशी भोक पाडलं तर? मग वारा आरपार जातो. यालाच क्रॉस व्हेंटिलेशन म्हणतात, आपण म्हणतो वारा खेळतो. वाऱ्याकडची भिंत हवा आत ढकलते आणि पाठीमागची बाजू ती ओढून घेते. दोन्ही लागतात. डक्टमधली खिडकी यात धरायचीच नाही, तिथे ढकलणारा वारा पोचत नाही, वर वास मात्र पोचतो.

मुंबईत हे जास्तच महत्त्वाचं, कारण इथला त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, तो वाळायचा तर अंगावरून वारा जायलाच हवा. अहमदाबादला उलट. तिथे हवा कोरडी, दुपारचा वारा म्हणजे भट्टीची झळ, म्हणून तिथे जाड भिंती, अरुंद घर आणि मधे चौक. म्हणजे दोन शहरांना एकच घर चालणार नाही, आणि हेच कोरिया जन्मभर सांगत राहिले की इमारतीचा आकार हवामानाने ठरवावा, परदेशी मासिकातल्या फोटोवरून ठरवू नये. काचेचे टॉवर बांधून मग आतून एसीने थंड करत बसायचं हे त्यांना पटत नव्हतं.

अहमदाबादेत त्यांनी १९६०-६१ च्या सुमाराला एक स्वस्त घर काढलं, ट्यूब हाउस. रुंदी ३.६ मीटर, लांबी साधारण १८ मीटर, नावाप्रमाणे नळीच. तंत्र आपल्या आजीच्या बंबाचं. बंबाला वर चिमणी असते, गरम धूर हलका होऊन वर निघतो आणि खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. या घराचं छप्पर आतून तिरकं वर चढत नेलेलं होतं, गरम हवा त्याच्या पोटावरून सरकत वरच्या फटीतून बाहेर, दाराजवळच्या झडपांमधून नवी हवा आत. पंखा नाही, वीज नाही, फक्त घराचा उभा छेद, म्हणजे घर वरून खाली कापलं तर दिसेल तो आकार, नीट विचार करून काढलेला. ते घर पुढे पाडलं गेलं, आता फोटो आणि ड्रॉइंगच उरलीत.

साबरमतीच्या संग्रहालयात तर खिडक्यांना काचच नाही. सहा बाय सहा मीटरचे चौरस, विटांचे खांब, वर कौलं, लाकडी झडपा. काही चौरस खोल्या, काही नुसते चौक, मधे पाणी. गांधीजींची हजारो पत्रं ज्या इमारतीत ठेवायची ती इमारत एवढी साधी ठेवायला हिंमत लागते. १९६३ मध्ये नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालं.

आणि दादरला राहणाऱ्यांसाठी, गोखले रोडवरचं पोर्तुगीज चर्च. बसस्टॉप म्हणून ते नाव आपण हजार वेळा घेतो, पण आत्ताची इमारत कोरियांची आहे, सत्तरच्या दशकातली, हे फार कमी जणांना माहीत असतं. जुन्या चर्चसारखा एकच मोठा हॉल तिथे नाही. काही भाग छपराखाली, काही उघडे चौक, आणि वर काँक्रीटची कवचं, त्यांच्या माथ्यातून उजेड खाली येतो आणि गरम हवा वर जाते.

## "हे सगळं ठीक, पण आमच्याकडे चार महिने पाऊस असतो"

रास्त शंका आहे. कोरियांनीही तिला उत्तर दिलेलं होतं. त्यांचा हिशोब असा की मुंबईत जोराचा पाऊस सुमारे तीन महिने, म्हणजे वर्षातला ७० टक्क्यांहून जास्त काळ उघडी जागा वापरता येते. खोली जर शंभर टक्के उपयोगाची धरली तर अंगण त्याच्या निम्मं धरा, ओसरी त्यापेक्षा थोडी जास्त. शून्य तर नक्की नाही ना? आणि छप्पर घातलेल्या खोलीला बांधायला जो खर्च येतो त्याच्या मानाने अंगण जवळजवळ फुकट. गरिबाच्या घरासाठी तर हा हिशोब फारच मोठा ठरतो.

पावसाच्या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर मात्र उभं आहे कंबाला हिलवर. कांचनजंगा. केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून वर बघितलं की दिसते, कोपऱ्यांत मोठमोठे चौकोनी खाचे पाडल्यासारखी पांढरी उभी इमारत. २८ मजले, उंची ८४ मीटरच्या आसपास, पण तळाला फक्त २१ बाय २१ मीटर, आणि एवढ्या उंचीत फ्लॅट किती, तर ३२. काम आर्किटेक्ट प्रवीणा मेहतांबरोबर केलं, १९७० ला सुरू, १९८३ ला पूर्ण.

पेच असा होता. मुंबईत पश्चिमेकडून वारा येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो, म्हणून खिडक्या पश्चिमेला हव्यात. पण दुपारचं तापलेलं ऊन आणि पावसाचे तिरके सपकारेही पश्चिमेकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर उपाय काढला होता, घराला चारी बाजूंनी व्हरांडा गुंडाळायचा. ऊन-पाऊस व्हरांडा झेलतो, खोल्या आत सुरक्षित. कोकणातल्या घराची पडवी तेच करते. कोरियांनी ती पडवी उचलून आकाशात नेली. प्रत्येक फ्लॅटला कोपऱ्यात दोन मजली उंचीचा उघडा बाग-डेक दिला, आणि फ्लॅट असे एकमेकांत अडकवले की वारा पूर्व-पश्चिम आरपार जावा. लोक ती इमारत छान दिसते म्हणून फोटो काढतात. ते खाचे दिसण्यासाठी नाहीत, पावसासाठी आहेत.

## "कांचनजंगा श्रीमंतांची. आमचं काय?"

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो, त्या ३२ कुटुंबांत आपल्यातलं कोणी नाही. म्हणून त्यांचं दुसरं काम बघायला हवं. सीबीडी बेलापूर, सेक्टर ८, आर्टिस्ट व्हिलेज. १९८३ ते १९८६ मध्ये बांधलेलं, साधारण साडेपाच हेक्टरवर ५५० कुटुंबं, तीही वेगवेगळ्या उत्पन्नाची.

मी फेब्रुवारीत एका शनिवारी गेले होते. स्टेशनवरून रिक्षा, डोंगराच्या पायथ्याशी उतरले. रचना अशी की सात घरं आणि मधे आठ बाय आठ मीटरचा छोटा चौक. अशा तीन चौकांचा एक गट, म्हणजे एकवीस घरं, आणि त्यांच्यात मिळून एक थोडी मोठी मोकळी जागा. असे गट जोडत जोडत पुढे, शेवटी शाळा, दुकानं. म्हणजे तेच थर, उंबरठा, आळी, गाव.

एका चौकात एक मावशी पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं घर मुळातलं वाटत होतं, कौलारू उतरतं छप्पर, लहान दार. शेजारचं घर तीन मजली, टाइल्स, स्टीलचं रेलिंग. मी विचारलं, मावशी, तुम्ही नाही का वाढवलं? त्या म्हणाल्या, "वाढवलंय की. मागे बघ. सासऱ्यांनी घेतलं तेव्हा दोन खोल्या होत्या, दिराच्या लग्नाला मागची काढली, वरची पोराच्या दहावीला." मग उठून मला मागे घेऊन गेल्या. तिथे बघण्यासारखी गोष्ट होती. संडास-मोरी दोन घरांची पाठीला पाठ लावून, म्हणजे पाइपचा खर्च निम्मा. पण बाकी एकही भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक नाही. दोन घरांच्या भिंतींमधून मावशींनी हात घालून दाखवला.

ही फट हाच सगळ्या योजनेचा जीव आहे. भिंत सामाईक असती तर मजला चढवताना शेजाऱ्याची परवानगी, मग भांडण, मग कोर्ट. इथे ज्याची भिंत त्याची, पैसे आले की वाढवा, नाही आले तर थांबा. याला इन्क्रिमेंटल हाउसिंग म्हणतात, सोप्या भाषेत, पगार वाढेल तसं वाढणारं घर. प्लॉटही ४५ पासून ७५ चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सगळ्यात गरीब आणि त्यातल्या त्यात सुखवस्तू यांच्या जागेत दुपटीचाही फरक नाही. आणि बांधकाम असं की कोणताही गवंडी करू शकेल, क्रेन नको, इंजिनीअर रोज नको.

आता कोणी म्हणेल, पण मुळातली घरं तर राहिलीच नाहीत, मग फसलंच की. मला तसं नाही वाटत. घरं बदलावीत हीच कल्पना होती. मला खटकलं ते वेगळं, चौकात आता स्कूटर आणि गाड्या उभ्या असतात, पोरं कडेकडेने खेळतात. १९८३ मध्ये दर दुसऱ्या घराला गाडी असेल हे कोणी धरलं नव्हतं.

## "मुंबईत जागाच नाही, टॉवरशिवाय पर्याय काय?"

हा प्रश्न विचारला की वाद संपतो असं सगळ्यांना वाटतं. पण थोडी बेरीज-वजाबाकी करून बघा. बेलापूरची ती वस्ती बसकी आहे, तरी हेक्टरला शंभर कुटुंबं, म्हणजे जवळजवळ ५०० माणसं. हे विरळ नाही.

आणि कोरियांचा मूळ मुद्दा पुढचा आहे. समजा एका कुटुंबाला घरासाठी जमीन लागते ६० चौरस मीटर. पण त्याच कुटुंबाला रस्ता, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान यातला वाटाही लागतो, तो धरू १०० चौरस मीटर (हे आकडे समजायला घेतलेत). बैठ्या घरात एकूण १६०. चार मजले चढवले की घराचा वाटा १५ वर आला, एकूण ११५. चांगली बचत. आता चारवरून वीस मजल्यांवर जा. घराचा वाटा ३, एकूण १०३. म्हणजे सोळा मजले आणखी चढवून, लिफ्ट, पंप, फायरचा खर्च कायमचा गळ्यात घेऊन वाचले किती, तर १२. घरखर्चात फक्त भाजीचं बिल कमी करत राहिलं तर भाडं, फी आणि लाइटबिल थोडंच कमी होतं, तसंच.

मग गिरगाव-दादरला टॉवर का परवडतात? कारण तिथे दुसरा वाटा, रस्ते, शाळा, मैदानं, आधीच्या लोकांनी बांधून ठेवलेला असतो आणि नवा टॉवर तो फुकटात वापरतो. गटार तेच, रस्ता तोच, माणसं पाचपट. मी असं म्हणत नाही की दादरला बैठी घरं बांधा, ते आता शक्य नाही. पण मजले वाढले म्हणजे जमीन वाचली हा हिशोब तेवढा खरा नाही एवढं तरी डोक्यात असू द्या.

## मग बाल्कनी गेली कुठे?

आईच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. यात दोन शब्द लागतात. एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायची परवानगी आहे तो आकडा, ५०० चौरस मीटर प्लॉटवर एफएसआय २ असेल तर १००० चौरस मीटर बांधकाम. आणि कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा.

पूर्वी मुंबईत बाल्कनी ठरावीक टक्क्यांपर्यंत एफएसआयमधून मोकळी असायची, वर प्रीमियम भरून ती बंदिस्त करून हॉलमध्ये घेता यायची. लोकांनी घेतली, आमच्याही घरात घेतलीय. बिल्डरांनी पुढे फ्लॉवर बेड, कोनाडे असल्या नावाखाली बरीच फुकटची जागा काढली. हा प्रकार थांबवायला जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये धरलं आणि त्याबदल्यात राहत्या घरांना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे कुठेही वापरता येईल असा जादा एफएसआय दिला. हेतू चांगला होता. पण परिणाम बघा, बाल्कनी आणि खोली दोघींची किंमत एकच झाली तर माणूस खोलीच घेणार.

त्यात २०१६ चा रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा. तोही गरजेचाच होता, बिल्टअप-सुपर बिल्टअपची फसवाफसवी त्याने थांबवली. पण त्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये बाल्कनी, व्हरांडा, उघडी टेरेस धरत नाहीत. म्हणजे बाल्कनी दिली तर एफएसआय खर्च होतो आणि ज्या एका आकड्यावर मीटिंगमध्ये हात वर होतात त्या कार्पेटमध्ये ती दिसत नाही. कोरिया म्हणत होते ही खोली मोजा. आपण नेमकी तीच मोजायची सोडली.

## नवी मुंबईचं काय झालं

१९६४ मध्ये महापालिकेचा विकास आराखडा आला तेव्हा तिघांनी त्याला पर्याय सुचवला, कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनीअर शिरीष पटेल, केम्प्स कॉर्नरचा पूल ज्यांनी बांधला ते. म्हणणं साधं होतं. मुंबई उभी चिंचोळी, नोकऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला, म्हणून सकाळी सगळ्या गाड्या एका दिशेने भरून आणि संध्याकाळी उलट्या. शहर उत्तरेला ताणत बसण्यापेक्षा खाडीपलीकडे पूर्वेला न्या, तिथे नुसती घरं नकोत, नोकऱ्या न्या. १९७० मध्ये नवी मुंबई उभारण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, कोरिया १९७४ पर्यंत त्याचे मुख्य आर्किटेक्ट होते.

योजनेची किल्ली होती सरकारी कचेऱ्या पलीकडे नेणं. मंत्रालय गेलं नाही, उलट त्याच वर्षांत समुद्रात भर घालून नरिमन पॉइंट उभा राहिला. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. अटल सेतू २०२४, विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५. मधल्या काळात लोक पलीकडे राहायला गेले आणि नोकरीला परत अलीकडे, म्हणजे गर्दी कमी व्हायची ती पुलावर आली.

आणि एक गोष्ट कोरियांवर प्रेम असूनही लिहायलाच हवी. कागदावर जी मोकळी जमीन होती ती मोकळी नव्हती. ९५ गावं होती, भातखाचरं होती, मिठागरं होती, आगरी-कोळी कुटुंबं होती. योजनेचं अर्थकारण जमीन स्वस्तात घेऊन, विकसित करून, महाग विकून शहराचा खर्च काढण्यावर उभं होतं, आणि ज्यांची जमीन गेली त्यांचा त्या वाढीत वाटा काय हे सुरुवातीला कोणी नीट सांगितलं नाही. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर जासई परिसरात गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व आलं. शहर चांगलं आखलं हे खरं आणि त्याची किंमत कोणी भरली हेही खरं.

मुंबईतल्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनींच्या बाबतीतही असंच. १९९६ मध्ये कोरियांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, सुट्या सुट्या जमिनींचा एकत्र विचार करा, त्यातून मोठी मैदानं आणि घरं काढा असा तिचा रोख होता. १९९१ च्या नियमात जमिनीचे साधारण तीन वाटे होते, पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं, मालकाला उरलेलं. २००१ मध्ये दुरुस्ती झाली, हे वाटे फक्त जिथे मुळात बांधकाम नव्हतं तेवढ्याच जमिनीचे करायचे. गिरणीत मोकळी जमीन अशी असते किती! लोअर परळला आज मैदान शोधत फिरलात तर उत्तर मिळेल.

## प्लॅन हातात आला की

कार्पेटचा आकडा बघाच, पण त्याआधी पेन्सिल घ्या आणि पश्चिमेच्या खिडकीतून वारा आत आला तर कुठून बाहेर जाईल ती रेघ काढा. रेघ भिंतीवर आपटत असेल तर ती खोली बाटली आहे. डक्टकडची खिडकी मोजू नका. बाल्कनी असेल तर ती भिंतीपासून किती फूट बाहेर आहे ते बघा, दोन फुटांच्या पट्टीत फक्त एसीचा बाहेरचा डबा बसतो, खुर्ची टाकून माणूस बसायला चार फूट तरी हवेत. लिफ्टसमोरच्या पॅसेजला एका टोकाला तरी बाहेरचा उजेड आहे का विचारा, कारण चाळीच्या गॅलरीचं आता तेवढंच उरतं. आणि गच्ची रोज सगळ्यांना उघडी राहणार की कुलूप लागणार, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको.

आम्ही दोन बदल लेखी मागितले, चोवीसपैकी सतरा सह्या झाल्या, आईने स्वतः दारोदार फिरून घेतल्या. स्वयंपाकघर बाहेरच्या भिंतीला सरकवायला त्यांचा आर्किटेक्ट तयार झालाय. बाल्कनीचं उत्तर अजून आलेलं नाही.